मार्कोव्याहून आल्यावर

झेशूव्ह,
रविवार रात्र

प्रिय सुन्या,

काल मार्कोवा नावाच्या इथल्या पोलिश खेड्यात जाऊन आलो. रात्री झोप लागेना, म्हणून तुला लिहायला बसलो.

गाव चौदाव्या शतकातलं, तेही जर्मन भाषकांनी वसवलेलं. पुढं ती माणसं पुरती पोलिश झाली. यूझेफ उल्मा तिथलाच शेतकरी, पण भारी उचापती! फळझाडांची रोपवाटिका, मधमाश्या, रेशमाचे किडे, घरात पवनचक्कीवरची वीज आणि वर कॅमेऱ्याचं वेड. त्यानंच काढलेले फोटो तिथल्या संग्रहालयात आहेत. एकात बायको विक्तोरिया पोरांना लिहायला शिकवतेय. आपल्या आत्यांचं घर आठवलं बघ.

महायुद्धात पोलंड जर्मनांच्या ताब्यात होता. ज्यूंना आसरा दिला तर मरण, हे त्यांचं फर्मान 1941 पासूनचं. तरी 1942 च्या अखेरीस उल्मांनी आठ ज्यूंना ठेवून घेतलं. एवढ्याशा घरात सोळा माणसं. लपून किती राहणार? जवळच्या वाइन्त्सुत गावच्या एका पोलिश पोलिसानं चुगली केली असं मानतात. यातल्याच एका कुटुंबाची मालमत्ता त्याच्याकडं ठेवायला होती म्हणे.

24 मार्च 1944, पहाटेच्या आधी जर्मन शिपाई आले. गाड्या हाकायला आसपासच्या शेतकऱ्यांनाच जुंपलेलं. आधी माळ्यावरचे ज्यू मारले, मग नवराबायको, मग सहाही पोरं. विक्तोरियाला दिवस भरत आलेले. काम उरकून त्यांनी घर लुटलं आणि दारू मागवली. त्यांचा म्होरक्या युद्धानंतर जर्मनीत परत पोलिसातच नोकरीला लागला.

एक फोटो मात्र डोळ्यापुढून हलत नाही. खाली टेबलावर होता. त्यावर माळ्यावरून ठिबकलेल्या रक्ताचे डाग आहेत.

2023 मध्ये चर्चनं अख्ख्या कुटुंबाला 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. बरं झालं, पण संतपणाच्या झगमगाटात गावाची दुसरी बाजू झाकू नये असं मला वाटतं. डिसेंबर 1942 मध्ये याच गावातल्या लोकांनी, हुकूम होता म्हणून का असेना, लपलेल्या ज्यूंना हुडकून पकडून दिलं. आणि उल्मांचं असं झाल्यावरही याच गावातल्या काही घरांनी आपल्याकडच्या ज्यूंना बाहेर काढलं नाही. वीसेक जण वाचले. दोन्ही एकाच गल्लीतली माणसं, लेका.

आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीतले पोलिश वेगळे. त्यांना रशियानं पूर्व पोलंडमधून हाकललेलं, 1943 ते 48 पाच हजारांच्या घरात होते तिथं. आमच्या घरमालकीणबाईंना हे सांगितलं, तर त्यांना खरंच वाटेना. गांधीनगरात, म्हणजे त्या छावणीच्याच जागी, कापड घ्यायला जाशील तेव्हा कोल्हापुरातल्या पोलिश थडग्यांकडंही चक्कर मार आणि फोटो पाठव. नावं वाचता येतील असे काढ. बाईंना दाखवायचेत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या