खुलं पत्र: आमच्या पोरीचे 30 तास

मा. शिक्षणमंत्री,
ब्रिटन सरकार

पत्र मराठीतच लिहितेय, कारण इंग्रजीत लिहायला बसले की पहिल्याच ओळीत 'सॉरी' येतं आणि आज मला सॉरी म्हणायचं नाहीये.

मी मूळची साताऱ्याची, आता लंडनजवळच्या स्लाऊला असते. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर (नोकरीसाठीचा व्हिसा), नवरा माझा जोडीदार म्हणून डिपेंडंट व्हिसावर, दोघंही नोकरी करतो. मुलगी 14 महिन्यांची. सप्टेंबर 2025 पासून इंग्लंडात नोकरदार आईबापांच्या बाळांना नऊ महिन्यांची झाली की आठवड्याला 30 तास नर्सरी सरकारी खर्चाने मिळते (वर्षातले 38 आठवडेच, पण तेही काय थोडं आहे का), माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या बाईला मिळते, दोघींचं काम तेच, टॅक्स तोच, फक्त आम्हा नवराबायकोच्या व्हिसाला 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स'ची, म्हणजे बऱ्याचशा सरकारी मदतीवर हक्क नाही अशी, अट आहे म्हणून आम्हाला शून्य. पोरगी तीनची झाली की मग 15 तास, ते सगळ्यांनाच असतात. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर (पाळणाघराच्या खर्चात सरकारची भर) नाही, चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) नाही. हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसावाल्यांकडून घेतात ते शुल्क) मात्र मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पाउंड, तोही अख्ख्या व्हिसाचा आधीच भरून घेतलात!

मग आम्ही काय करतो, तर आधी माझी आई सहा महिने, मग सासूबाई सहा महिने, व्हिजिटर व्हिसावर. थंडीने आईचे गुडघे आखडतात, तिकडे बाबा डबा लावून एकटे जेवतात, रोज व्हिडिओ कॉलवर 'मी मजेत' म्हणतात आणि मी लॅपटॉप उघडून बसलेली असते. हेल्थ व्हिजिटरने (बाळ-आईची विचारपूस करणारी सरकारी नर्स) एकदा विचारलं, मूड कसा असतो, रडू येतं का. मी 'ऑल गुड' म्हटलं. खरं सांगायला बसले असते तर वेळ लागला असता आणि दहा मिनिटांत माझी मीटिंग होती.

फुकट काही मागत नाहीये हो. ही सवलत नोकरी करणाऱ्या आईबापांसाठी आहे असं तुम्हीच म्हणता ना, मग नोकरी बघा, पगार बघा, टॅक्स बघा आणि द्या, त्यात व्हिसा कशाला मध्ये आणता?

पदरचे पैसे भरून पाठवतो त्या नर्सरीत पोरीला जरा ताप आला की फोन येतो, लगेच न्या. त्यांचंही बरोबरच आहे. आम्ही दोघं नाही उचलला तर कुणाला करायचा म्हणून फॉर्मवर तिसरा नंबर लागतो, तिथे आईचा दिलाय. तिचं परतीचं तिकीट 14 तारखेचं आहे आणि सासूबाईंचा व्हिसा अजून आलेला नाही.

स्लाऊहून,
एक आई