हेडफोनचं वजनही छापा की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत कुठला हेडफोन घ्यावा यावर अर्धं पान होतं, ते मी सगळं वाचलं. बॅटरी किती तास, ब्लूटूथ कुठलं, नॉइज कॅन्सलेशन आहे का, ड्रायव्हर (आतला स्पीकर) किती एमएमचा, ॲप आहे का, रंग कुठले, सगळं होतं. फक्त जी वस्तू डोक्यावर घालायची तिचं वजन किती हे एकाही मॉडेलपुढे नव्हतं. मोबाइलचं वजन मात्र तुम्ही न चुकता छापता, आणि तो तर खिशात असतो!

मी हे तावातावाने लिहितेय कारण माझं काम ट्रान्सक्रिप्शनचं आहे. मुलाखती, भाषणं, मीटिंगा, ज्याची त्याची रेकॉर्डिंगं ऐकायची आणि टाइप करायची, सकाळी हेडफोन चढवला की तो जेवायलाच उतरतो. तर आमच्यासारख्यांना पहिला प्रश्न असतो दुपारी तीन वाजता टाळू दुखणार का. आता आकडेच बघा, सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचा, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या आसपास, आणि सोनीचाच स्वस्तातला डब्ल्यूएच-सीएच५२० फक्त १४७ ग्रॅम. म्हणजे अडीच पटींपेक्षा जास्त फरक आहे आणि तुमच्या तक्त्यात त्याला जागा नाही.

आणि हलका म्हणजे आवाजाला फालतू असं पण काही नसतं. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याच्याबरोबरचा हेडफोन जेमतेम ५० ग्रॅमचा होता, त्याआधी बरेच लोक घरात बसून तीनशे-चारशे ग्रॅमची धुडं डोक्यावर घ्यायचे. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जातोय, ८० ग्रॅमच्या आत वजन, स्पंजच्या गाद्या, दिसायला अगदी जुनाट, पण आवाज असा की महागडेवाले गप्प बसतात. खोट नाही असं नाही, त्याच्या पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत सरकतात आणि त्यात लांब केस अडकून असे ओढले जातात की डोळ्यांत पाणी येतं (केसांवर रुमाल टाकून वर हेडफोन घालणाऱ्या मुली मी पाहिल्यात). शिवाय तो उघडा हेडफोन आहे, म्हणजे तुम्ही काय ऐकताय ते लोकलमध्ये शेजारच्यालाही ऐकू जातं. घरी बसून काम करणाऱ्याला त्याचं काही नाही, उलट कान झाकले जात नाहीत म्हणून उकडत नाही आणि कुकरची शिट्टी पण कळते.

पण नुसत्या ग्रॅमवर जाऊ नका, दाब ही वेगळीच भानगड आहे. वजन टाळूला लागतं, दाब कानामागे लागतो, आणि चष्मा असेल तर काडीच्या बरोबर वर. सेनहायझरचा एचडी २५ घ्या, डीजे लोकांचा लाडका, वजन १४० ग्रॅमच्या घरात म्हणजे हलकाच म्हणायचा, पण पकड अशी घट्ट की चष्मेवाल्याने तो तासभर घालून दाखवावा. डीजेला तशीच पकड लागते, तो मान हलवत असतो, आपल्याला काय करायचीय. उलट एखादा २५० ग्रॅमचा रुंद मऊ पट्टीचा असेल तर वजन सगळीकडे वाटलं जातं आणि जाणवतही नाही.

बरं हे आरामाचं आणि आवाजाचं तुम्ही दोन वेगवेगळ्या रकान्यांत टाकता, तेच मला पटत नाही. बंद प्रकारच्या हेडफोनमध्ये गादी कानाभोवती नीट बसली तरच बास (खालचा जाड आवाज) येतो, चष्म्याच्या काडीने फट पडली की तो तिथून गळतो, मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो, मग कान दुखतो म्हणून हेडफोन जरा मागे सरकवतो, की परत फट. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचं तर आवाज ८० डेसिबलपर्यंतच ठेवा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करा, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. माझे तर तेवढे एका सकाळीच संपतील. न बोचणारा हेडफोन ही चैन नाही हो.

आवाज कसा तपासायचा यावर तुमच्या लेखात ‘दमदार बास’ एवढं एकच विशेषण चार वेळा होतं. तपकीर गल्लीतल्या दुकानांत पण तेच, काउंटरवरचा पोरगा अर्धा मिनिट धडधडणारं गाणं लावतो आणि विचारतो, “मॅडम, बास बघा, कसला आहे!” अरे बाबा, बास फुगवलेला असला की बोलणं त्याखाली दबतं. माझी पद्धत सांगते, फोनमध्ये एखादं मराठी भाषण ठेवा आणि एखादं नाट्यगीत. भाषणात स, श, च यांची धार साधारण ४ ते ८ हजार हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या बारीक आवाजाच्या पट्ट्यात असते, ती नीट यायला हवी, पण स सुईसारखा टोचायला लागला तर तोही हेडफोन नको. ‘ळ’ आणि ‘ल’ न ताणता वेगळे कळले पाहिजेत. नाट्यगीतात डग्गा घुमून गायकावर चढतोय का ते बघा, तबल्याच्या चाटीवरचा (कडेवरचा) बोल सुटा ऐकू येतोय का बघा, मागची तंबोऱ्याची आस टिकतेय की नुसती भुणभुण होतेय ते बघा. एवढं जमलं तर सिनेमे, गाणी सगळं नीट ऐकू येतं. खोक्यावरचं २० ते २०,००० हर्ट्झ बघूच नका, ते सगळ्यांवर असतं, आणि ड्रायव्हर ४० एमएमचा की ५० चा यावरूनही आवाज चांगला की वाईट ते ठरत नाही.

गाद्यांचं पण लिहायला हवं होतं. आपल्याकडे घाम, पावसाळ्याची दमट हवा आणि डोक्याला तेल, त्यात रेक्झिनच्या गाद्या टिकत नाहीत, मग कानाला आणि गालाला काळे पापुद्रे चिकटतात आणि ऑफिसात लोक बघत राहतात. कापडी किंवा मखमली गादी गार राहते, आवाज जरा बाहेर जातो एवढंच. सुटी गादी मिळते का हे घ्यायच्या आधी विचारा, मागे एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने मला गादी मिळत नाही, नवीन सेट घ्या असं सांगितलं होतं, आतला स्पीकर ठणठणीत असताना!

टेबलावर बसून काम असेल तर वायरचाच घ्या असं माझं मत आहे, बॅटरीचं वजन डोक्यावर कशाला वागवायचं, आणि ती बॅटरी दमली की बऱ्याचदा अख्खा हेडफोन कचऱ्यात. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा कन्व्हर्टर मिळतो. चालताफिरता ऐकणाऱ्यांचं वेगळं, त्यांनी ब्लूटूथ घ्यावा.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा वजन, सुटी गादी मिळते का आणि तपासणाऱ्याला चष्मा आहे की नाही एवढं तरी टाका. कंपनीने वजन दिलं नसेल तर स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे