इ.स.पू. 205 चा अर्थ उलगडून देणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका यांस,
सा. नमस्कार.

अँटिकिथेरा यंत्र, म्हणजे सूर्य-चंद्राची गती आणि ग्रहणं दाखवणारं प्राचीन ग्रीक दातेरी चाकांचं यंत्र, यावरचं आमच्या खगोल मंडळातलं माझं व्याख्यान चांगलं झालं. त्यातला काळनिर्णयाचा भाग सर्वस्वी तुमचा होता. हे चारचौघांना कळावं, म्हणून घरी येऊन सांगण्याआधी सगळ्यांदेखत लिहितेय.

यंत्र सापडल्याची हकिकत मला पाठ होती. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटापाशी 1900 मध्ये सिमी बेटावरच्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना बुडालेलं जहाज दिसलं, आणि 1902 मध्ये अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात व्हालेरिओस स्ताइस यांना त्यातल्या ब्राँझच्या एका गंजक्या ढेकळात दातेरी चाक आढळलं. माझं घोडं अडलं होतं ते यंत्र कधीचं, या प्रश्नावर. वाचावं तिथे निराळं साल! फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तो यांच्या चमूला 1976 मध्ये तिथे पर्गामॉन आणि इफिसस या प्राचीन शहरांची नाणी मिळाली, त्यांवरून जहाज इ.स.पू. 70 ते 60 च्या सुमाराला बुडालं असं धरतात. कोरलेल्या अक्षरांचं वळण पाहून 2006 मध्ये अभ्यासकांनी यंत्राचा काळ इ.स.पू. दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध सांगितला. आणि 2014 मध्ये क्रिस्तियान कार्मान आणि जेम्स इव्हान्स या अभ्यासकांनी थेट इ.स.पू. 205 वर बोट ठेवलं.

तुम्ही जन्मभर पंचांगाचं गणित केलेलं. तुमचा पहिलाच प्रश्न होता, "205 हे कशाचं साल? यंत्र घडवल्याचं, की गणिताच्या आरंभाचं?" अर्धी गाठ तिथेच सुटली.

मग तुम्ही आलेखाचा कागद पुढे ओढलात आणि पेन्सिलीने 223 चौकोन आखलेत. यंत्राच्या मागच्या बाजूला खाली जी चार वेढ्यांची तबकडी आहे, तिची ही घरं. एक घर म्हणजे एक चांद्रमास, आणि 223 महिन्यांनी ग्रहणांचा तोच क्रम पुन्हा येतो. ज्या महिन्यात ग्रहणाचा संभव, त्या घरात खूण: चंद्रग्रहणाला सिग्मा, सूर्यग्रहणाला ईटा ही ग्रीक अक्षरं, सोबत ग्रहणाचा तास. फुटक्या तुकड्यांवर उरलेल्या खुणा तुम्ही माझ्याकडून भरून घेतल्यात आणि चंद्रग्रहणांमधली अंतरं मोजायला लावलीत. सहा महिने, सहा, सहा, मध्येच पाच. पूर्ण चक्रात सहाचं अंतर 33 वेळा आणि पाचचं 5 वेळा येतं, बेरीज बरोबर 223. "आता हे पाच कुठे कुठे पडतात ते बघ," म्हणालात. पुस्तकात हे मी कितीदा वाचलं होतं, पण पटलं ते स्वतःच्या बोटाने घरं मोजल्यावर. कार्मान आणि इव्हान्स यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. बॅबिलोनी ग्रहणनोंदींशी या खुणा जुळवायच्या शेकडो शक्यता होत्या. न जुळणारी एकेक त्यांनी चाळणीतून काढल्यासारखी बाजूला केली.

223 महिने म्हणजे 6585 दिवस आणि वर साधारण 8 तास. म्हणजे पुढच्या फेरीत तेच ग्रहण 8 तास उशिरा. यासाठी आतल्या बाजूला छोटी तबकडी आहे, तिचे तीन भाग: एक कोरा, एकात 8, एकात 16. कोऱ्या भागाची फेरी हीच मूळ फेरी, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. या सगळ्या अटी पाळणारा आरंभ निघतो तो इ.स.पू. 205 च्या एप्रिलअखेरच्या अमावास्येपासूनचा. अभ्यासक टोनी फ्रीथ यांनीही 2014 मध्येच स्वतंत्रपणे तोच आरंभ काढला.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते तुमचं ग्रहलाघव या पंचांगगणिताच्या ग्रंथाचं उदाहरण. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी त्या ग्रंथाचा आरंभ शके 1442 धरला आणि त्यावरून पुढे कित्येक पिढ्या पंचांगं होत राहिली. कोणी आज ते पंचांग उघडून शके 1442 मध्ये छापलं असं म्हणेल का? यंत्राचंही तसंच. 205 ला गणित सुरू झालं, यंत्र नंतर कधीही घडलेलं असू शकतं. आणि लगेच तुम्हीच दुसरी बाजूही मांडलीत: करणग्रंथाचा, म्हणजे अशा गणिताच्या ग्रंथाचा, कर्ता आरंभ सहसा आपल्या काळाजवळचा घेतो, कारण जितकं लांब जावं तितकी चूक वाढते. म्हणून यंत्र 205 पासून फार दूरचं नसावं, असं मलाही वाटतं. म्हणजे ते आर्किमिडीजच्या काळाला लागून येतं; त्याचा मृत्यू इ.स.पू. 212 चा. चंद्राच्या कमीजास्त गतीचं गणित ज्याच्या नावावर आहे तो ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिप्पार्कस त्यानंतरच्या पिढ्यांतला. ती गती दाखवणारी खुंटी आणि खाच या यंत्रात आहे, आणि ती हिप्पार्कसच्या आधीची ठरली तर ग्रीक खगोलशास्त्राचा इतिहास पुन्हा मांडावा लागेल. हे वाक्य मी व्याख्यानात बोलले तेव्हा पुढच्या रांगेतला एक मुलगा वही काढून लिहायला लागला.

काका, विचारलेल्याचं उत्तर देऊन तुम्ही मोकळे होऊ शकला असतात. त्याऐवजी मला कागदावर बसवून, चहा निवेपर्यंत घरं मोजायला लावलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

एक काम अजून आहे. 2022 मध्ये काही ग्रीक अभ्यासकांनी आरंभ इ.स.पू. 178 च्या डिसेंबरमधला असावा असं मांडलं. कोऱ्या चौकोनांचा नवा कागद आखून ठेवलाय, तो घेऊन रविवारी येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची