खोक्याला भोक न पाडल्याबद्दल

मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर लांबलचक काही वाचत नाही हे ठाऊक आहे, सूनबाई वाचून दाखवतील. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही चहा सांगता आणि विषय पावसावर नेता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

गेल्या जूनमध्ये मामाचे स्पीकर टेम्पोत घालून वेंगुर्ल्याहून कुडाळला तुमच्या गाळ्यावर आणले. मामा बोटीवर होता, तिकडून त्याने ही जोडी आणलेली. जाड आवाजाचा 12 इंची वूफर, एकेक खोका 25 किलोच्या घरात. मामा गेल्यापासून ते माजघरात चादरीखाली होते. वापरलेच नाहीत म्हणजे नव्यासारखे असणार, अशी माझी खात्री. पुढची जाळी काढली तर वूफरच्या कडेचा फोम ओल्या गुळासारखा बोटाला चिकटला.

माझा चेहरा बघून तुम्ही म्हणालात, "फोम गेलो म्हणान स्पीकर गेलो नाय." मग सांगितलंत की हा पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्यानेच तुटत जातो. वाजवा नाहीतर झाकून ठेवा, त्याचं आयुष्य ठरलेलं. कड कापडाची किंवा रबराची असती तर टिकली असती. आपल्याकडे पावसात घट्ट झाकणाच्या डब्यातला पापडही मऊ पडतो, चादरीचा काय पाड लागणार!

पण खरं सांगायचं तर मी दुरुस्तीला आलोच नव्हतो, मला 'अपग्रेड' करायचं होतं. बारीक आवाजाचे ट्वीटर नवे बसवायचे आणि बास वाढवायला खोक्याला तीन इंची भोक पाडून आत पाइप घालायचा. पीव्हीसी पाइपचा तुकडासुद्धा पिशवीत घेऊन आलो होतो. तुम्ही तो हातात फिरवून विचारलंत, "ह्यां कित्याक हाडलंस?" मी सांगितलं. तुम्ही हसला नाहीत, त्याबद्दलचे आभार वेगळे धरा.

हसण्याऐवजी तुम्ही शेजारच्या दुकानातून सायकलचा पंप मागवलात. त्याचं तोंड अंगठ्याने दाबायला लावलंत आणि दांडा ढकल म्हणालात. दांडा आत जाईना, सोडला की मागे उसळे. "ही तुझी स्प्रिंग. भोक पाडलंस की गेली." हवाबंद खोक्यातली हवाच वूफरला आवरून धरते, म्हणून अशा वूफरची कड मुद्दाम सैल ठेवलेली असते. भोक पाडलं असतं तर बास वाढायच्या जागी वूफरचा कागदी शंकू मोकाट हलला असता आणि मोठ्या आवाजात त्यामागची तारेची कॉइल आपटून मेली असती. पुढे वाचलं, ही युक्ती अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी 1954 साली एआर-1 या स्पीकरमधून बाजारात आणली. पण मला ती कळली ती पंपावर.

मग दोन दिवस तुम्ही जे काम केलंत ते मी स्टुलावर बसून पाहिलं. जुना फोम आणि त्याखालचा गोंद स्पिरिट लावून, ब्लेड आडवं धरून खरवडलात. कागदी शंकूला एक ओरखडा नाही. मधली टोपी सोडवलीत. मग जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या बारीक पट्ट्या कापून कॉइलभोवतीच्या फटीत एकेक सरकवल्यात, कॉइल बरोबर मध्यावर राहावी म्हणून. ती पट्टी कुणाच्या तरी बरगडीची होती. नवा फोम चिकटवून रात्रभर ठेवला असता तरी चाललं असतं, पण "पावसात गोंद आळशी" म्हणून तुम्ही आणखी एक दिवस थांबवलंत. पट्ट्या काढल्यावर दोन्ही हातांनी शंकू हळूच दाबून कान लावलात. कुठे खर्रखर्र नाही. दीड व्होल्टचा सेल टेकवून दोन्ही वूफर एकाच दिशेने हलतात हेही पाहिलंत.

जाड-बारीक आवाज वूफर-ट्वीटरला वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हर सर्किटमधले सगळे कपॅसिटर तुम्ही बदलाल अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही प्रत्येक मोजलात आणि बिघडलेले तेवढेच काढलेत. 6 मायक्रोफॅरडचा मीटरवर 9 दाखवत होता. ट्वीटरबद्दल विचारलं तर एकच शब्द : "मरांदे."

त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याचा फोन आला होता. फक्त वूफर-ट्वीटर द्या, खोकी बंबात घाला म्हणाला. पैसेही बरे देत होता. फोन तुमच्यासमोर आला नसता तर मी हो म्हटलं असतं.

घरी आणून पहिली लावली ती डबलबारी भजनाची जुनी कॅसेट. आजवर पखवाजाची कणीक लावलेली बाजू माझ्या टेपरेकॉर्डरवर नुसती धप् वाजायची. त्या दिवशी थाप पडल्यावर नाद खाली उतरत गेलेला ऐकू आला. आई स्वयंपाकघरातून हात पुशीत बाहेर आली आणि कुणी न सांगता बसली.

आता एक तक्रार. तुमच्यामुळे मला भुर्दंड पडलाय. मागच्या महिन्यात कणकवलीत एका घरी तशीच एक जोडी दिसली, फोम गेलेली. घरमालक भंगाराच्या भावात द्यायला तयार होते. माझ्याच तोंडून निघून गेलं की फक्त कड गेलीय, बाकी सगळं शाबूत आहे. त्यांनी लगेच चौपट सांगितले. द्यावे लागले.

फोमच्या नव्या कड्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवल्यात. जोडी घेऊन रविवारी येतो. या खेपेला खरवडायचं काम मी करणार, तुम्ही स्टुलावर बसायचं. तुमचा मीटरही माझ्याकडेच राहिलाय, तो आणतो. पाइप आता परसात अळूच्या वाफ्याला लावलाय.

तुमचा,
वेंगुर्ल्याचा भोकवाला