आईच्या चालीने रीजंट्स कालवा

लंडन,
दि. 11 मे

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, जूनमध्ये येथे आल्यावर सकाळी फिरायला जायचे कोठे, हे तुम्ही फोनवर दोनदा विचारलेत आणि दोन्ही वेळा मागून आईचा "मला यांच्यामागे पळवू नका" हा आवाज मी ऐकला. म्हणून काल लिटल व्हेनिसपासून रीजंट्स पार्कपर्यंतची कालव्याकाठची वाट मी मुद्दाम आईच्या चालीने चालून पाहिली. वाटेत दोनदा पाणी प्यायले, आणि तरुण मंडळी मला ओलांडून पुढे जात असताना त्यांच्याशी बरोबरी करण्याचा मोह आवरला.

पर्वतीच्या पायथ्याशी तुम्ही ज्या खडकवासल्याच्या कालव्याच्या कडेने फिरता, तो शेतीला आणि शहराला पाणी पुरवण्यासाठी काढलेला. येथला कालवा मात्र मालाने भरलेल्या नावा नेण्यासाठी खणलेला आहे. पॅडिंग्टन ते कॅम्डेन हा त्याचा पहिला भाग 1816 मध्ये खुला झाला आणि 1820 मध्ये तो पूर्वेला थेट टेम्स नदीपर्यंत पोहोचला. पाणी वाहताना जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला पहिल्या नजरेत तो तुंबलेला वाटेल. खरे तर कॅम्डेनपासून पश्चिमेला सुमारे 43 किलोमीटर अंतरात या जलमार्गावर एकही लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून नाव वर चढवणारी वा खाली उतरवणारी दारांची कोठी, नाही; पाणी एकाच पातळीत राखलेले आहे. उतार लागतो तो कॅम्डेनच्या पुढे, जेथे बारा लॉक मिळून नावांना 86 फूट खाली टेम्सकडे उतरवतात. खाली जाणारी प्रत्येक नाव लॉकभर पाणी घेऊन जाते, ती तूट भरून काढण्यासाठी ब्रेंट नदीवर धरण बांधून 1835 मध्ये जलाशय केला गेला. साठा आणि वापर यांचे हे गणित तुम्ही माझ्यापेक्षा चांगले मांडाल. मला त्यातून एवढेच हवे होते की पाणी सपाट आहे म्हणून काठची वाटही सपाट आहे, आणि आईच्या गुडघ्यांना तेच मानवणार आहे.

अपवाद एकच. लिटल व्हेनिसहून निघाल्यावर थोड्या अंतरावर कालवा 249 मीटर लांबीच्या बोगद्यात शिरतो आणि त्या बोगद्यात पायवाट नाही. पूर्वी नावा ओढणारे घोडे येथे सोडून रस्त्याने वरून नेत, आणि नावाडी पाठीवर पडून बोगद्याच्या भिंतीला पाय लावत नाव पुढे रेटत. आपल्यालाही घोड्यांप्रमाणे वरूनच जावे लागेल आणि पलीकडे पायऱ्या उतरून पुन्हा काठाला यावे लागेल. तेथे आईने कठडा धरावा आणि बाबांनी पुढे धावू नये. पुलांखाली वाट अरुंद होते आणि सायकलवाले घंटी वाजवत येतात, तेव्हा भिंतीच्या बाजूला थांबून त्यांना जाऊ द्यावे. लाजण्याचे कारण नाही, मीही तसेच केले.

उद्यानाजवळ मॅकल्सफील्ड पूल लागतो. 2 ऑक्टोबर 1874 रोजी पहाटे बंदुकीची दारू आणि पेट्रोलियम घेऊन चाललेल्या नावेचा याखाली स्फोट झाला, तिच्यावरील तीन माणसे गेली आणि पूल कोसळला. पुन्हा बांधताना त्याचे जुनेच बिडाचे खांब वापरले, मात्र ते फिरवून बसवले. त्यामुळे घोड्यांच्या दोरांनी घासून पडलेल्या खाचा आता खांबांच्या दोन्ही अंगांना आहेत. मी त्यांत बोट घालून पाहिले. बाबा, तुम्ही तेथे किमान दहा मिनिटे थांबाल हे मी धरून चालले आहे. आईने तोवर चांदवे पाहावेत. काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे हे पक्षी सध्या काटक्यांबरोबर प्लास्टिकही गोळा करून घरटी बांधत आहेत.

प्राणिसंग्रहालयाजवळ कालवा सोडून उद्यानात शिरावे. तेथील ब्रॉड वॉक या रुंद रस्त्यावर एक उंच दगडी पाणपोई आहे, ती 1869 मध्ये मुंबईच्या सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिलेली. मुंबई विद्यापीठाच्या ज्या दीक्षान्त सभागृहासमोर आईने पदवी घेतल्यावर फोटो काढला होता, त्याला त्यांचेच नाव आहे. इंग्रजी राज्यात पारशांना मिळालेल्या संरक्षणाबद्दल ही कृतज्ञतेची भेट होती. ती कृतज्ञता आज वाचताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले, तरी परक्या शहरात मुंबईचा माणूस भेटल्याचा आनंदही झाला.

तेथून गुलाबांची बाग फार लांब नाही. काल सगळ्या कळ्याच होत्या, म्हणजे तुम्ही याल तेव्हा बहर असेल. बागेजवळ चहा आणि स्वच्छतागृह दोन्ही आहे. कालव्याच्या काठाने मात्र मला ही सोय दिसली नाही आणि बाकेही विरळ आहेत, म्हणून निघण्यापूर्वी लिटल व्हेनिसलाच चहा घेऊ.

10 किंग हेन्रीज रोड, म्हणजे 1921-22 मध्ये डॉ. आंबेडकर जेथे राहत होते आणि जे घर 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले, तेही या भागापासून जवळ आहे. बाबा, ते त्याच दिवशी उरकण्याचा आग्रह धरू नका; तेथे आपण वेगळ्या दिवशी टॅक्सीने जाऊ आणि निवांत पाहू.

आई, त्या सकाळी गुडघा दुखत असला तर लिटल व्हेनिस ते कॅम्डेन प्रवासी नावही चालते. चालायचे की नावेने जायचे, हे तू त्याच दिवशी उठल्यावर ठरव. नवे बूट घेतले असतील तर आतापासून घरात घालून फिर, आणि गोळ्या पिशवीत टाकण्यापेक्षा पर्समध्ये ठेव.

तुमची,
धाकटी