उशाशी साखर

मिरज, शनिवार

चि. सुमीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. तू फोन ठेवलास ते बरंच केलंस. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. म्हणून पत्र लिहायला बसलो. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही आणि मला ओरडता येत नाही.

अभिजितरावांवर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. ते म्हणाले, ‘बाबा, रक्तातली साखर ४८ होती.’ मला तू सांगितलंस, ‘जरा गरगरलं.’ ७० च्या खाली गेली की साखर घ्यायची आणि ५४ च्या खाली गेली की घरातल्या कुणाला तरी हाक मारायची, हे तुला नवव्या वर्षापासून पाठ आहे. मग ४८ ला ‘जरा’ कसं म्हणतेस?

एकदाच विचारतो आणि विषय सोडतो. उशाशी ग्लुकोज ठेवलंयस ना?

आता धुण्याच्या मशिनचं. पाणी सोडायचा पाइप आपोआप निघाला म्हणतेस, पण तो आपोआप निघत नसतो. मोरीच्या जाळीत त्याचं तोंड नुसतं टेकवलेलं असतं. पंप सुरू झाला की पहिल्याच झटक्याला पाइप उडी मारतो आणि ड्रममधलं चाळीसेक लिटर पाणी घरभर. नळाच्या उभ्या पाइपाला तो दोन ठिकाणी नायलॉनच्या पट्टीने आवळून बांध. पाठवलेल्या डब्यात पट्ट्या आहेत. फक्त तोंड जाळीत फार खोल खुपसू नकोस, नाहीतर मशिनमध्ये भरलेलं पाणी आपसूक ओढलं जातं आणि मशिन भरतच राहतं. बांधून झालं की एक फेरी रिकामी लाव आणि पाणी सोडताना पाइपाकडे बघत उभी राहा.

पण पाइपापेक्षा मला त्या रात्रीचं वेळापत्रक सलतंय. पावणेनऊला तू जेवणाची सुई घेतलीस. नऊला पाणी आलं. दहापर्यंत तू फरशी पुसत होतीस, बादल्या उचलत होतीस, ओमचं दप्तर वाळत घालत होतीस. पान वाढलं साडेदहाला. जेवणाचं इन्सुलिन पंधरा-वीस मिनिटांत कामाला लागतं आणि तासा-दोन तासांत सगळ्यात जोरात चालतं. नेमकं तेव्हा पोट रिकामं आणि हात फडका पिळतायत. काम करणारे स्नायू रक्तातली साखर स्वतःहून ओढतात, तिकडून सुईही ओढत होती. ४८ नाही होणार तर काय होणार?

म्हणून पान वाढलेलं दिसल्याशिवाय सुई नको. सुई घेतल्यावर घरात काही फुटलं, सांडलं, करपलं, तर आधी पोटात काहीतरी जाऊ दे. चार मारी बिस्किटं नाहीतर एक लहान केळं, दोन मिनिटांचं काम. पाणी तोवर वाहू दे. फरशी कुठे पळून जात नाही.

आणि तू म्हणे बेसनाचा लाडू खाल्लास. अगं, लाडवात तूप. तुपाने साखर पोटातून रक्तात जायला वेळ लागतो, चॉकलेट-पेढ्याचंही तेच. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज अर्ध्या पेल्यात ढवळ आणि पी. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचून साखर बघ. ७० च्या वर नसेल तर पुन्हा तीन चमचे. आकडा वर आला की मग खुशाल लाडू खा, तेव्हा त्याचा उपयोग आहे. बोट टोचायच्या आधी हात मात्र धू. ओमला आंबा कापून दिलेल्या बोटावर आकडा खोटाच वर दाखवतो, आणि कमी असताना तू निर्धास्त राहशील.

बघ, व्याख्यान सुरू झालं. चुकलो. तुला हे सगळं माझ्याहून जास्त कळतं. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, तर फ्रिजचंच लिहितो.

पाणी बोर्डापाशी आलं तेव्हा प्लग काढलात, शहाणपण केलंत. तो परत लावायचा राहिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. बंद दार न उघडता फ्रिज चारेक तास गार राहतो, वीस तास नाही. तरी त्यामुळे इन्सुलिन वाया गेलं असं नाही. न फोडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण ३० अंशांच्या आतल्या खोलीत ते साधारण चार आठवडे टिकतं. अशा वेळी इन्सुलिनच्या पेनात घालायच्या कार्ट्रिजवर मार्करने तारीख घालायची आणि २८ दिवसांत वापरून संपवायची. परत गार केली म्हणून खोक्यावरची मूळ मुदत तिला परत मिळत नाही.

घात पुढे झाला. लवकर गार व्हावं म्हणून अभिजितरावांनी बटण ७ वर फिरवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. (त्यांना बोलू नकोस, दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक हेच करतं.) बटण वर नेल्याने फ्रिज लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर तेवढ्याच जोराने चालतो, फक्त थांबायचा उशिरा. मग फ्रीजरखालचा ट्रे आणि मागची भिंत शून्याखाली जातात, आणि तुझं खोकं होतं त्याच ट्रेमध्ये. तू सांगितलंस, शेजारच्या दुधाच्या पिशवीत बर्फाचे कण होते. तसं असेल तर पाचही कार्ट्रिज टाकून दे. गोठून वितळलेलं इन्सुलिन कधी कधी दिसायला अगदी नितळ असतं, पण त्याचा भरवसा संपलेला असतो. गरमीपेक्षा गोठण्याची मला जास्त धास्ती ती यासाठीच. पैशांचं मनात आणू नकोस, आईने अभिजितरावांच्या खात्यावर टाकलेत.

यापुढे खोकं मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात. भिंतीला चिकटून नको. वायरवाला छोटा थर्मामीटर पाठवलाय. त्याचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून तो पेला डब्याशेजारी ठेव. नुसत्या हवेतला आकडा दार उघडलं की उड्या मारतो, पाण्यातला खरं सांगतो. बटण ३ वर ठेवून एक रात्र जाऊ दे. सकाळी ४-५ अंश दिसलं की त्या बटणाला घरात कुणी हात लावायचा नाही. दाराचं रबरही तपास. दहाची नोट दारात अडकवून ओढायची, सहज निघून आली तर तिथून गारवा जातोय.

इन्सुलिन मडक्यात ठेवायचं तू विचारलं होतंस. तुझ्या लहानपणी इथे लोडशेडिंगमध्ये आपण मडक्यात मडकं ठेवून मधे ओली वाळू भरायचो, आणि तू शाळेतून आलीस की आधी वाळू शिंपडायचीस, मग दप्तर काढायचीस. चैत्राच्या कोरड्या हवेत ते छान चालायचं, कारण पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. डोंबिवलीच्या पावसाळी हवेत पाणी उडतच नाही, त्यामुळे मडकं नुसतं ओलं राहील. शिवाय मडकं काही ८ अंशांवर आणत नाही, चालू पेन उन्हाळ्यात तगवतं इतकंच. तुझ्या दहावीच्या परीक्षेला ते मडकं आई रिक्षातून केंद्रावर घेऊन गेली होती, वाळूसकट. पहारेकरी आत सोडेना. तू पेपर लिहून हसत बाहेर आलीस आणि आई फाटकाशी मडकं मांडीवर घेऊन बसलेली. त्या वर्षी ८९ टक्के मिळाले तुला. मी अजून गिऱ्हाइकांना सांगतो.

काय लिहीत होतो? हां, बाटली. घाईत केमिस्टकडून कुपी आणि सिरिंज आणलीस म्हणालीस, ती आजच बघ. आपल्याकडे कुपी बहुतेक ४० ची असते, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट, आणि पेनातली कार्ट्रिज १०० ची. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला केशरी. ४० च्या कुपीतून केशरी सिरिंजने १० पर्यंत ओढलंस तर अंगात जातील चारच युनिट. उलट, १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने १० ओढलंस तर जातील २५. ४८ हा आकडा त्यापुढे काहीच नाही. कुपीवर ४० आहे की १०० ते वाचून दाखवायचं काम ओमला दे, आता त्याला आकडे येतात.

हरतालिकेचं आईने लिही म्हटलं. सासूबाई आल्या आहेत, त्यांचं मन मोडायचं नाही, कळतं मला. पण निर्जळी नको. साबुदाण्याच्या खिचडीने साखर चढते आणि उपाशी राहिलं की पडते, एकाच दिवशी दोन्ही. त्यांना स्पष्ट सांग. नाहीतर मी फोन करतो. नको, मी नाही करत, तूच सांग.

मनातलं खरं शेवटीच येतं बघ. ४८ चं मी कसंही समजून घेईन. पण तू म्हणालीस, ‘बाबा, घाम नाही आला, हात नाही थरथरले, मला कळलंच नाही,’ त्याने मला झोप नाही. लहानपणी ६५ ला तुझे ओठ पांढरे पडायचे आणि तू स्वतः डब्याकडे धावायचीस. वारंवार साखर उतरत राहिली की शरीर ओरडायचं सोडून देतं. काही आठवडे ती खाली जाऊच दिली नाही तर पुष्कळांना ती जाण परत येते. डॉक्टरांना हेच शब्द सांग, ‘मला कळलं नाही’. मात्रा ते बदलतील, मी त्यात तोंड घालत नाही. साखर उतरली की अलार्म वाजणाऱ्या सेन्सरचंही विचार. आणि फरशी पुसल्याच्या, गौरींची भांडी घासल्याच्या, पाणी भरल्याच्या दिवशी रात्री तीनला एकदा बोट टोचून बघ. दमलेले स्नायू रात्रभर साखर भरून घेत असतात, म्हणून त्या दिवशी ती पहाटे पुन्हा उतरते. फिरतीवर असले तर अभिजितराव फोन करून उठवतील. नाहीतर मी आहेच, मला तीनला जाग असतेच.

ओमला एवढंच शिकव. आई उठून बसत असेल, गिळत असेल, तर उशाशी ठेवलेल्या डब्यातले तीन चमचे. आई हाक मारून ओ देत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, साखरसुद्धा नाही, ती घशात अडकते. आईला कुशीवर करायचं, शेजारच्या काकूंचं दार वाजवायचं, १०८ लावायचा. गोष्ट सांगितल्यासारखं सांग, घाबरवू नकोस. तू त्याच्याएवढी असतीस तर हे सगळं एकदाच ऐकून केलं असतंस.

डबा दीपकबरोबर पाठवलाय, सोमवारी पोचेल. त्यात थर्मामीटर, पट्ट्या, ग्लुकोजची चार पाकिटं आणि आईच्या करंज्या आहेत. एक पाकीट उशाशी, एक पर्समध्ये, एक स्वयंपाकघरात मशिनच्या वर. चौथं ओमच्या दप्तरात नको, तो खाऊन टाकेल.

तुझा,
बाबा

ता. क. आईने वाचलं. म्हणाली, करंज्या साखर उतरल्यावर खायच्या नाहीत हे लिहिलं नाही. तर तेही लिहितो, त्यात तूप आहे.