आमच्या गेटवरच्या काकांना, मनूच्या आईकडून

काका, नमस्कार.

सोमवारी सोसायटीच्या ग्रुपवर एका ओळीचा मेसेज आला, आजपासून गेटवर नवीन गार्ड, आणि त्याखाली पाचपंचवीस अंगठे. तुमच्याबद्दल एक शब्द नाही. एजन्सीनं हलवलं की तुम्हीच धानासाठी गावाला गेले, कोणाला माहीत नाही न कोणी विचारलंही नाही. मला हे तुम्हाला घरी चहाला बोलावून सांगायचं होतं, ते राहून गेलं, म्हणून इथं लिहून राहिले. चष्मा सापडत नसला तर तुमच्या मुलानं वाचून दाखवावं.

नागपूरला सगळे टायगर कॅपिटल म्हणतात. ताडोबा, पेंच, सफारीचं बुकिंग, वाघ दिसला का नाही दिसला, यातच लोकांच्या सुट्ट्या जातात. आमच्या मनूला मात्र पाली, सरडे, बेडकं आवडतात, त्याला कोण काय करणार. शाळेत आपल्या परिसरातले प्राणी असा प्रोजेक्ट होता, तिनं गळा लाल झालेला सरडा, ट्यूबलाइटजवळची पाल न पार्किंगमधला भेक असे काढले, तर वही परत आली, म्हणे काहीतरी चांगलं काढ, वाघ काढ. शहराच्या टोकावरच्या आमच्या बेसाच्या लेआउटमध्ये वाघ कुठून आणायचा हो? पक्षी दाखवतात म्हणून एका ग्रुपसोबत तिला अंबाझरी तलावावर नेलं तर पहिला प्रश्न कॅमेरा कोणता आहे, आणि मग, लहान मुलं फार आवाज करतात मॅडम. आम्ही तसेच परत आलो. आणि आमच्या सोसायटीचे हुशार लोक तं तुम्हाला माहीतच आहेत. बिनविषारी धामण, उंदीर खाऊन आपलंच भलं करणारी, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षण असलेली, तिला रॉडनं मारून तिच्यासोबत फोटो काढले, न त्याच लोकांचं नागपंचमीला हात जोडलेलं स्टेटस.

वही परत आली त्या दिवशी संध्याकाळी मनू रेनकोट घालून गेटपाशी जाऊन बसली होती, कोणाशी बोलत नव्हती. लाइटखाली किडे पडत होते न एक मोठा भेक ते गपागप खात होता. तुम्ही तिला काय झालं काऊन रडतेस असं काही विचारलं नाही. टेबलावरचं गेटचं रजिस्टर तिच्याकडे फिरवलं, दोऱ्यानं बांधलेला पेन दिला, न म्हणाले, "पोरी, पाहुना आला आहे, त्याची एन्ट्री कोन करन?"

तिनं लिहिलं. नाव भेक. गाडी नंबरच्या जागी उड्या मारत. कोणाकडे, तं लाइटकडे. येण्याची वेळ 7.40. जाण्याच्या वेळेचा रकाना रिकामा राहिला, तुम्ही म्हणाले तो गेला की लिहू. मी वरून गॅलरीतून पाहत होते, मला वाटलं लेकराचं मन रमवलं, झालं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसच्या आधी ती धावत गेटवर गेली. त्या रकान्यात तुमच्या अक्षरात लिहिलं होतं 4.10, न पुढे तुमची सही.

काका, तुम्ही रात्रभर त्या भेकावर लक्ष ठेवून होते! आजूबाजूला डिग्र्यावाले इतके, पण माझ्या पोरीचं काम इतकं मनावर घेतलेलं मी कोणाचं पाहिलं नाही. ते 4.10 आठवलं की अजूनही माझा गळा दाटतो, हसायचं असेल त्यांनी हसा.

मग तं रजिस्टरची मागची पानं तिचीच झाली. टाकीच्या झाकणाखाली झाडबेडकानं केलेलं फेसाचं घरटं, खालच्या पाण्यात पडणारी पिल्लं. मे महिन्यात टुकटुक करणारा तांबट पक्षी, मग पेरते व्हा म्हणणारा पावशा. टिटवीनं बाजूच्या प्लॉटवर खडीतच अंडी घातली, दगड कोणता न अंडं कोणतं कळेना, तर टँकरचं चाक जाऊ नये म्हणून तुम्ही भोवती विटा लावल्या, आणि 'कोणाकडे'मध्ये मनूनं लिहिलं, स्वतःच्याच घरी. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी हे तिनं जीकेसाठी पाठ केलं होतं, पण तो आपल्याच पिंपळावर फळं खात बसतो हे तुम्ही मान वर करायला लावली तेव्हा कळलं. पहिल्या जोरदार पावसात रिकाम्या प्लॉटच्या पाण्यात पिवळेधमक नर बेडूक निळे गाल फुगवून ओरडत होते, तेव्हा झोप होत नाही म्हणून कोणीतरी तुम्हाला फिनाइल टाकायला सांगितलं. "दोन-चार रातीचं हाय साहेब, लग्नसराई हाय त्याईची," एवढंच म्हणून तुम्ही खुर्चीवर बसून राहिले.

आणि मीटरच्या खोलीपाशी तो पट्ट्यांचा साप निघाला तेव्हा सगळे मण्यार मण्यार करत काठ्या शोधत होते. तुम्ही सगळ्यांना मागे सारलं, सर्पमित्राला फोन केला न दुरूनच टॉर्च धरून मनूला दाखवलं, याचे पट्टे मानेकडे ठळक न शेपटीकडे पुसट होत गेले, म्हणजे बिनविषारी कवड्या, विषारी मण्यारीचं उलटं असतं. "तरी हात लावाचा नाही, डोये चुकतेत." सर्पमित्रानंही कवड्याच सांगितला. पण तुम्ही तेवढ्यावर थांबले नाही, बाजूच्या साइटवर झोपड्यांत जाऊन सांगून आले की पावसाळ्यात खाली झोपू नका, खाट घ्या, मच्छरदाणी खोचून घ्या, मण्यार रात्री चावते न कधी कधी कळतही नाही. ते काही तुमच्या ड्यूटीत नव्हतं. कोणी बघत नाही, पगारात एक रुपया वाढणार नाही, तरी माणूस उठून जातो न सांगून येतो, अशा माणसांच्या भरवशावरच हे शहर चालून राहिलं आहे असं मला वाटतं, ग्रुपवर अंगठे देणाऱ्यांच्या नाही.

नवीन गार्ड पोरगा चांगला आहे, मनूनं त्याला रकाने समजावून दिले.

आता तिचं दुसरंच सुरू झालं आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी फक्त तुमच्याच भागात, गोंदिया-भंडाऱ्याकडे उरले, ते धानाच्या बांधीत घरटं करतात, हे तिनं कुठंतरी वाचलं. तुमच्या बांधीत येतात का, आले तर किती वाजता येतात, आणि तुम्ही वेळ लिहून ठेवता का, असं विचारायला सांगितलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं गोंदियाला येऊ शकतो. तुमची कापणी कधी आहे तेवढं कळवा, म्हणजे अडचण होणार नाही अशा बेतानं येऊ.

मनूची आई